त्या चार गाण्यांतला आवाज

बाबिकर गाण्यांचा संच घेऊन घरी आला, तेव्हा बतूल अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर बसून भेंडी चिरत होती. त्याला दारात बघून तिनं सुरी खाली ठेवली, अंगावरच्या तोबचा पदर डोक्यावर ओढला आणि उठायला लागली.

"बसा, हाज्जा, बसा!" बाबिकर म्हणाला. "आज तुम्ही उठायचं नाही. आज आम्ही उभं राहायचं."

त्यानं खोका तिच्या मांडीवर ठेवला. झाकणावर तिचा तरुणपणीचा फोटो होता. केसांच्या बारीक वेण्या, गालांवर जमातीच्या उभ्या खुणा, नजर कॅमेऱ्याच्या जरा वरून कुठंतरी गेलेली. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'बतूल इद्रीस : सर्वोत्तम गाणी.'

बतूल कोण, हे ओम्दुरमान शहरात कुणाला सांगावं लागत नसे. दोन पिढ्यांची लग्नं तिच्या गाण्यांवर लागली होती. परदेशी गेलेली माणसं तिची कॅसेट सामानात कपड्यांच्या मधोमध ठेवत. मग तिच्या गळ्यात गाठ आली. गाठ निघाली, पण आवाजाची शीर तिला चिकटलेली होती, ती दुखावली. बोलणं राहिलं, तेही घोगरं, वाळूत पाय घासत चालल्यासारखं. गाणं गेलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. तेव्हापासून बतूलनं चुलीपाशीसुद्धा कधी गुणगुणून पाहिलं नव्हतं. फुटका माठ कुणी पाण्याला नेत नाही, तसा तिनं गळा बाजूला ठेवून दिला होता. पण लोक विसरले नव्हते. बाबिकरच्या कॅसेट कंपनीकडून असा संच येणार म्हणून गल्लीत महिनाभर बोलणं चाललं होतं.

खोका उघडायच्या आत अंगण भरलं. शेजारणी आल्या, कॉफीची जबना निखाऱ्यावर चढली, आल्याचा वास सुटला. कुणीतरी सीडी वाजवायचं यंत्र आणून खिडकीत ठेवलं. नफीसाला, बतूलच्या थोरल्या बहिणीला, हाताला धरून बाहेर आणलं. साखरेच्या आजारानं तिची नजर जवळजवळ गेली होती. पण कान शाबूत आहेत, असं ती स्वतःच सगळ्यांना बजावून सांगायची.

पहिली गाणी झाली. बतूल मान खाली घालून ऐकत होती. स्वतःचा तो जुना आवाज ऐकताना तिला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. मग ते गाणं लागलं, ज्याच्यासाठी सगळे थांबले होते. 'पलीकडच्या काठी दिवा लागला, तू परतशील ना.'

व्हायोलिन सुरू झालं आणि बतूलनं मान वर केली. तो तिच्या मागे आयुष्यभर वाजवणाऱ्या सिद्दीगचा हात होता, यात शंका नव्हती. पण गज तारेवर टेकताना किंचित थरथरत होता. या गाण्याच्या वेळी सिद्दीग मिशा फुटलेला तरणा पोरगा होता. तेव्हा त्याचा हात कुठला थरथरतोय?

मग आवाज आला. बतूलचाच आवाज. सगळ्या जागा तिच्या, हरकती तिच्या, शब्द सोडायची तऱ्हा तिची. 'परतशील' या शब्दाशी आवाज मधेच तुटला, एक हुंदका आला आणि मग शब्द पुरा झाला. याच हुंदक्यासाठी अख्खा देश हे गाणं ऐकायचा. अंगणातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

बतूल मात्र खिडकीतल्या यंत्राकडे बघायला लागली. तिच्या गाण्यात तिथं हुंदका कधीच नव्हता. ती ओळ लांब होती आणि तिला दम पुरायचा नाही, म्हणून शब्द मोडायचा. लोकांनी त्याला हुंदका म्हटलं, तिनंही त्यांना म्हणू दिलं. आणि या तबकडीवर जी कुणी गात होती, ती तिथं खरोखर रडत होती.

"बघा!" नफीसा सगळ्यांना म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. "हे गाणं भरलं तेव्हा मी स्टुडिओच्या दाराशी बसले होते. अगदी हेच. तसंच्या तसं."

बतूलनं बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत अख्खा संच वाजून झाला. त्यात अशी परक्या गळ्याची चार गाणी होती. लोकांच्या सगळ्यांत जिव्हाळ्याची नेमकी तीच चार.

दुसऱ्या दिवशी तिनं सिद्दीगला बोलावणं पाठवलं. तो आला, चहा घेतला, गुडघ्यांची तक्रार केली, पुरानं लाल झालेल्या नदीच्या पाण्याबद्दल बोलला. बतूलनं त्याला बोलू दिलं.

"त्या दिव्याच्या गाण्यात," ती शेवटी म्हणाली, "तुझा हात म्हातारा वाजतोय, सिद्दीग."

सिद्दीगनं पेला खाली ठेवला.

"पुराच्या साली कंपनीच्या गोदामात पाणी शिरलं होतं, ते तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मूळ टेपा चिखलात गेल्या. लोकांच्या घरच्या कॅसेटवरून उतरवून बघितलं, तर नुसती खरखर. बाकीची गाणी कुठूनकुठून मिळाली. ही चार मिळाली नाहीत. ती नसतील तर संच काढून उपयोग काय, असं बाबिकर म्हणाला. मग त्याला एक मुलगी सापडली."

"आणि तू वाजवलंस."

"मी त्याला म्हटलं होतं, तिला कळेल."

"मग तो काय म्हणाला?"

सिद्दीगनं हातातली जपमाळ चाळवली. "म्हणाला, तिला एकटीलाच कळेल."

बतूल हसली. घोगऱ्या घशातून ते हसणं खोकल्यासारखं बाहेर आलं. "मला विचारायचं तरी!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीत?"

"तू असं बोलायला लागलीस की मला तरुण झाल्यासारखं वाटतं," सिद्दीग म्हणाला आणि उठला. "सोडून दे, बतूल. लोक खूश आहेत. आपल्याला आणखी किती दिवस ऐकायचंय?"

तिनं कदाचित सोडूनही दिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्वतःच दारात येऊन उभी राहिली. हातात खजुरांची पिशवी होती. तिशीतली, सडसडीत, उन्हानं रापलेली, सपातांवर शहराच्या कडेच्या उंबद्दा वस्तीतली तांबूस धूळ. नाव रिहाब. लग्नघरी नवरीच्या मेंदीला दलूका नावाची ढोलकी वाजवून गाणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातली ती. तिनं आपण कोण ते सांगितलं आणि खाली मान घालून उभी राहिली.

"बस," बतूल म्हणाली. "बाबिकरनं पाठवलं?"

"नाही, खाला. त्यानं तर कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. आधी म्हणाला होता, झाकणाच्या आत बारीक अक्षरांत नाव घालतो. घातलं नाही." ती थांबली. "बाजारात एका दुकानात माझं गाणं लागलं होतं. मी उभी राहिले. राहवलं नाही, दुकानदाराला म्हटलं, हे मी गायलंय. तो म्हणाला, हो का? आणि नाईलवरचा पूल मी बांधलाय."

बतूलला हसू आलं, ते तिनं दाबलं. "मग माझ्याकडे कशाला आलीस? दाखला हवाय?"

"हो," रिहाब सरळ म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील. दुसरं कोण सांगणार?"

तिचा तो सरळपणा बतूलला आधी उद्धटपणा वाटला. आपला आवाज चोरला, आणि वर चोरीची पावती मागायला आली! ती काहीतरी लागेल असं बोलणार होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"त्या 'परतशील'पाशी रडतेस का गं?"

"तुम्ही रडत होता म्हणून."

"मी कुठली रडतेय! मला दम पुरायचा नाही."

रिहाब तिच्याकडे बघतच राहिली. "लहान होते तेव्हा आई गेली," ती हळू म्हणाली. "घरात तुमची एकच कॅसेट होती. ती लावून मी त्या जागेची वाट बघायची. मला वाटायचं, एवढी मोठी बाईसुद्धा रडते, मग आपण रडलो तर काय झालं. पुढे गाताना तिथं पोचले की आपोआप येतं."

"गा बघू."

रिहाब गायली. बाजेच्या कडेवर बसून, मांडीवर बोटांनी ताल धरून, अगदी खालच्या आवाजात. बतूल डोळे मिटून ऐकत होती. तरुणपणी आपल्याला जे गायचं होतं आणि जमलं नव्हतं, ते हिला जमतंय, हे तिला पहिल्या दोन ओळींतच कळलं. तिला हेवा वाटला, रागही आला. आणि गाणं संपेपर्यंत दोन्ही विरून गेले. मागे राहिली ती नुसती दमणूक.

"मी सांगेन," ती म्हणाली.

ईदच्या आधी रेडिओवर तिची मुलाखत होती, थेट प्रसारित होणारी. बतूल ठेवणीतला तोब नेसली, जणू लोक तिला बघणारच होते. निवेदिकेनं संचाचं कौतुक केलं, कोणतं गाणं सगळ्यांत लाडकं म्हणून विचारलं. बतूल माइकजवळ सरकली.

"मुली, त्यातली चार गाणी माझी नाहीत. दिव्याचं गाणंसुद्धा नाही. ती रिहाब नावाच्या मुलीनं गायली आहेत. उंबद्द्यात राहते. माझ्यापेक्षा चांगलं गाते."

मग निवेदिका हसली, मायेनं, मनापासून.

"ऐकलंत, श्रोतेहो? एवढी थोर कलावंत, आणि नम्रता बघा! म्हणतात, माझं काहीच नाही. हाज्जा, तुमचा आवाज तुमचा राहिलेलाच नाही, तो आमच्या सगळ्यांचा झालाय, असंच ना?"

"नाही गं, मी खरंच सांगतेय..."

पण दिव्याचं गाणं सुरू झालं होतं. काचेपलीकडचा माणूस डोळे मिटून मान डोलावत होता.

त्यानंतर घरी माणसांची रीघ लागली. कुणी मटण आणलं, कुणी संत्री. सगळे बतूलशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत, आणि नफीसाच्या कानाशी लागून कुजबुजत. ऑपरेशनानंतर कधीकधी असं होतं, स्वतःचंच परकं वाटायला लागतं, असं बाबिकर भेटेल त्याला सांगत होता. त्याच्या आवाजात काळजी होती. पलीकडच्या गल्लीतली एक बाई फकीराकडून पाण्याची बाटली मंतरून घेऊन आली.

"सकाळी उपाशीपोटी घ्या, हाज्जा. माझ्या सासऱ्यांना सगळं आठवायला लागलं. बाहेर दिलेली उसनवारीसुद्धा."

"मला सगळं आठवतंय, बाई," बतूल म्हणाली.

"हेच तेही म्हणायचे."

माणसं गेल्यावर दोघी जेवायला बसल्या. नफीसानं किसऱ्याच्या पातळ भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला.

"तू हे का करतेस?" तिनं विचारलं.

"खरं आहे म्हणून."

"तू गायला लागलीस तेव्हा भावांनी तोंड फिरवलं. घरातली बाई चारचौघांत गाते म्हणून आईच्या मयतालासुद्धा आपल्याला मागच्या दारानं आत घेतलं. मला मागणं आलं होतं, त्या माणसानं अट घातली, बहिणीशी संबंध तोड. मी त्याला तोडलं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बतूलला ऐकवत नव्हतं. "त्या स्टुडिओच्या दाराशी मी दिवसदिवस बसले ते कुणाच्या गाण्यासाठी? आणि आज तू म्हणतेस, ती मी नव्हेच?"

"अगं, तेव्हा गायले ती मीच. ते पुरात गेलं. आता वाजतंय ते त्या मुलीचं आहे."

"माझ्या कानात आहे ते पुरात गेलेलं नाही," नफीसा म्हणाली. "आंधळी झालेय, बहिरी नाही. तो तुझाच आवाज आहे. पाळण्यात होतीस तेव्हापासून ओळखते."

बतूलनं ताट बाजूला सारलं. बहिणीच्या कानातलंही ते बुडालं होतं आणि त्या मुलीचा आवाज तिथं अलगद येऊन बसला होता. पण हे नफीसाला सांगायचं म्हणजे तिचं उभं आयुष्य हिसकावून घ्यायचं. तिनं उठून ताटं उचलली.

एकच उपाय उरला होता. लोकांनी रिहाबला समोर बसवून ऐकावं, म्हणजे आपोआप ओळखतील. कलावंतांच्या क्लबात शुक्रवारी दुपारची बैठक असे. बतूलनं तिथं निरोप धाडला की मी येतेय आणि सोबत एका मुलीला आणतेय. बतूल येणार म्हणताच क्लब भरला. बाबिकर पहिल्या रांगेत बसला, त्याच्या शेजारी सिद्दीग.

रिहाब नवा तोब नेसली होती, तिच्या हातांवर मेंदी होती. गाताना आधी तिचा आवाज बसल्यासारखा झाला, मग मोकळा झाला. 'परतशील'पाशी ती आली आणि तिथं हुंदका आला, नेहमीसारखाच. बतूल लोकांचे चेहरे बघत होती. आता कळेल. आता कुणीतरी उठेल.

एक निवृत्त मास्तर उठले. बतूलच्या गाण्यांवर वर्तमानपत्रात लिहायचे, त्यांचा शब्द तिथं मानला जाई.

"बेटी, गळा गोड आहे तुझा," ते म्हणाले. "मेहनतही दिसते. पण बतूलच्या गाण्यात या जागेला जो हुंदका आहे ना, तो तुला साधला नाही. तुझा ओढून आणलेला वाटतो. घरी जा, संच लाव आणि ती जागा पुन्हापुन्हा ऐक. मग कळेल, दुःख म्हणजे काय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "अस्सल ते अस्सल!"

"तो हुंदका हिचाच आहे!" बतूल ओरडली. ओरडली म्हणजे घशातून नुसती हवा निघाली. जवळच्यांनी तिला धरलं, पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो दूर लोटला आणि सिद्दीगकडे बोट केलं. "हा होता तिथं. यानं वाजवलंय. सिद्दीग, सांग यांना."

सगळ्या माना वळल्या. सिद्दीग उभा राहिला. या क्लबाच्या भिंतीवर त्याचा फोटो लागलेला होता. इतक्या लोकांदेखत लबाड ठरायचं त्याच्या जिवावर आलं. तो बाबिकरकडे बघेना आणि बतूलकडेही बघेना.

"मी आयुष्यभर बतूलच्या मागे वाजवलं," तो म्हणाला. "त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही."

टाळ्या पुन्हा झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. काही म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. रिहाबनं पदर सावरला आणि दाराशी जाऊन सपाता पायांत सरकवल्या. बतूल तिच्यामागे गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"खाला," रिहाब मागे न बघता म्हणाली, "तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

सिद्दीग त्यानंतर बतूलकडे कधी आला नाही. ईदला त्यानं घरून गोड पाठवलं, ते तिनं शेजारी देऊन टाकलं.

रिहाबनं गाणं सोडल्याचं बतूलला मेंदी लावणाऱ्या बायकांकडून कळलं. प्रत्येक लग्नात तिला तीच चार गाणी सांगत आणि अर्ध्यावर कुणीतरी म्हणे, राहू दे, संचातलं अस्सलच लावा. मग खुद्द तिचाच आवाज खिडकीतून वाजायचा आणि ती दलूका मांडीवर घेऊन बसून राहायची. असं बऱ्याच लग्नांत झालं. एके दिवशी तिनं दलूका कुणालातरी देऊन टाकली.

हिवाळ्याच्या तोंडाला बतूल उंबद्द्यात तिचं घर शोधत गेली. रिहाब मातीच्या भिंतीआड तव्यापुढे बसून किसरा पसरत होती. तो विकून आता तिचं घर चालायचं. तिनं उठून बतूलला बसायला दिलं, पाणी दिलं आणि पुन्हा तव्याकडे वळली.

"माझ्याकडे गाणी आहेत," बतूल म्हणाली. "कुठंच भरलेली नाहीत. काही आईची, काही मी स्वतः बांधलेली, गळा जायच्या आधीची. कुणी ऐकलेली नाहीत. ती घे. ती तुझीच होतील, कुणी काही म्हणणार नाही."

रिहाबनं पातळ किसरा तव्यावरून अलगद सोडवला आणि टोपलीत ठेवला. "म्हणतील. म्हणतील, बतूलसारखं गायला बघतेय."

"मग तुझ्या आवाजात गा."

"तो कुठला, खाला?" ती पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. "लहानपणापासून तुमचाच काढत आले. माझा कसा आहे ते बघायचं राहूनच गेलं. आता तोंड उघडलं की तुम्हीच येता. मुलं दमून झोपायला आली की अंगाई म्हणते, तरी तुम्हीच. आणि आता राहिलेली गाणीही माझ्याच घशात घालायला आलात?"

तवा तापून धूर यायला लागला होता. रिहाबनं घाईनं त्यावर पीठ ओतलं, तळहाताएवढ्या पात्यानं पसरवलं.

"गरम आहे, खाऊन जा," ती थोड्या वेळानं म्हणाली. आवाज पुन्हा खाली आला होता.

बतूलनं तो किसरा कोरडाच खाल्ला आणि घरी आली. जी गाणी तिला द्यायची होती, ती वाटेत आठवून बघितली, तर एकाचा दुसरा अंतरा निसटलेला होता. कितीही डोकं खाजवलं तरी आला नाही.

त्याच हिवाळ्यात नफीसानं अंथरूण धरलं. पायाची जखम भरेना. डॉक्टर येऊन जाई आणि दाराबाहेर मान हलवी. एका दुपारी ती ग्लानीत असताना बतूल तिच्या उशाशी बसली होती. बाहेर वाऱ्यानं धूळ उडत होती. बतूलच्या मनात आईचं एक गाणं आलं, दोघी लहान असताना आई जात्यावर म्हणायची ते. काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. तोंड उघडून ती गायला लागली. सूर लागला नाही, लागणार नव्हताच. फुटक्या खिडकीतून वारा शिरावा तसं काहीतरी आलं. पण चाल आईची होती, शब्द आईचे होते, आणि नफीसाचा हात तिच्या हातात होता.

नफीसानं कूस बदलली.

"कोण रडतंय गं बाहेर?"

"कुणी नाही. मी आहे."

"तिला गप्प बसायला सांग. आणि बतूलचं ते दिव्याचं गाणं लाव."

बतूलनं तिचा हात हळूच पांघरुणात ठेवला, उठली आणि गाणं लावलं. 'परतशील'ची जागा आली, तेव्हा नफीसाचे ओठ हलले. बतूल यंत्राजवळच उभी राहिली आणि संपल्यावर तिनं गाणं पुन्हा लावलं.

नफीसा त्या आठवड्यात गेली. अंगणात मांडव पडला, बायकांनी आक्रोश केला, दूरचे भाऊबंद आले, या वेळी पुढच्या दारानं. दुखवट्याचे दिवस संपले, खुर्च्या परत गेल्या आणि घरात रांजणाचं ठिबकणंसुद्धा ऐकू यायला लागलं.

उन्हाळा लागता लागता बाबिकर आला. संच संपला होता, नवी आवृत्ती काढायची होती. या वेळी झाकणावर आताचा फोटो हवा होता. त्याच्याबरोबर फोटोवाला होता. बाबिकरनं नफीसासाठी फातिहा म्हटली आणि मग जपून विचारलं,

"तब्येत कशी आहे, हाज्जा? ते... मधे जे वाटत होतं तुम्हाला?"

"बरी आहे."

"म्हणजे आता आठवतं ना सगळं? ती चार गाणी?"

बतूलनं अंगणाकडे बघितलं. खरं ऐकून घेणारं आता कुणी राहिलं नव्हतं, आणि ज्या मुलीसाठी ते सांगायचं, तिला ते नको होतं.

"आठवतं," ती म्हणाली. "मीच गायले."

बाबिकरनं सुटकेचा श्वास टाकला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. फोटोवाल्यानं तिला कडुनिंबाखाली उजेडात बसवलं, पदर नीट केला, हनुवटी थोडी वर करायला सांगितली. ती त्यानं सांगितलं तशी बसली.